थ्री नॉट थ्रीची उतरंड

२०२२ साली रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तेव्हा डोनेत्स्कमध्ये रस्त्यावरून, कारखान्यांतून धरून आणलेल्या पोरांच्या हातांत मोसिन-नागां रायफली दिसल्या. ही रायफल १८९१ची, म्हणजे झारच्या काळातली. त्याच्या दहा वर्षं आधी सीरियातल्या अलेप्पोत बंडखोरांना हिटलरच्या फौजेच्या रायफलींचा मोठा साठा सापडला होता. अशी बातमी आली की आपली माध्यमं तिच्याकडे गंमत म्हणून पाहतात. संग्रहालयातली बंदूक रणांगणात, असं शीर्षक देतात आणि पुढे जातात.

बंदूक इतकी वर्षं टिकली कशी, हा यातला सर्वांत सोपा प्रश्न आहे. चांगलं पोलाद, वेळेवर तेल, कोरडी कोठी, एवढं असलं की ती शंभर वर्षं टिकते. अवघड प्रश्न वेगळा आहे. सगळ्यांत जुनी बंदूक कोणाच्या हातात दिली जाते आणि ती रोखली कोणावर जाते? डोनेत्स्कमध्ये रशियाच्या नियमित सैनिकांकडे नवी हत्यारं होती. मोसिन-नागां मिळाली ती ज्यांच्या मरणाचा हिशेब कोणी विचारणार नव्हतं त्यांना.

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. नुसती वर-खाली अशी दोन टोकं नाहीत, तर प्रत्येक पायरीच्या खाली आणखी एक पायरी आहे. म्हणून प्रत्येकाला आपल्या खालचा दिसतो आणि वरच्याविरुद्ध सगळे एक होत नाहीत. आपल्या देशातल्या बंदुकीचा इतिहास याच उतरंडीचा आहे. त्या उतरंडीवरून शंभराहून अधिक वर्षं खाली खाली येत राहिलेल्या बंदुकीला आपण थ्री नॉट थ्री म्हणतो.

थ्री नॉट थ्री म्हणजे नळीचा व्यास, इंचाचे ३०३ हजारांश. ली हा तिची खटक्याची यंत्रणा बनवणारा माणूस आणि एनफिल्ड हा इंग्लंडमधला सरकारी कारखाना, म्हणून ली-एनफिल्ड. पोटात दहा गोळ्या, प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे ओढायचा. १९०७ साली हिचं जे रूप पक्कं झालं ते पहिल्या महायुद्धात लढलं, दुसऱ्याही महायुद्धात लढलं. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात ती आपल्याच मजुरांच्या हातून बनली.

पण तिच्याआधीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. १८५७च्या बंडातली एनफिल्ड रायफल आणि चरबीची काडतुसं शाळेच्या पुस्तकातून सगळ्यांना माहीत आहेत. बंड मोडल्यावर इंग्रजांनी काय केलं ते मात्र त्या पुस्तकात नसतं. त्यांनी हिंदी शिपायांसाठी एक खास बंदूक तयार केली. दिसायला ती हुबेहूब एनफिल्ड. पण रायफलीच्या नळीत आतून जे पेचदार खोबणे असतात, ज्यांच्यामुळे गोळी फिरत आणि सरळ जाते, ते घासून काढून टाकलेले. १८५८चा नमुना म्हणून ती ओळखली जाते. तीच लाकडी दस्ती, तेच लोखंड, वजनही जवळपास तेच, फक्त नेम लागणार नाही अशी व्यवस्था. तोफखाना तर जवळजवळ सगळाच गोऱ्यांच्या हाती गेला.

पुढे हाच कायम शिरस्ता झाला. गोऱ्या पलटणींना नवी रायफल आली की तिच्या आधीच्या पिढीची हिंदी पलटणींना. गोऱ्यांकडे मार्टिनी-हेन्री तेव्हा काळ्यांकडे स्नायडर. गोऱ्यांकडे मॅगझिनची रायफल आली तेव्हा मार्टिनी खाली उतरली. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत हे चाललं. हिंदी शिपायाच्या खालच्या पायरीवर हिंदी पोलीस आणि तुरुंगाचा पहारेकरी होता. त्यांच्यासाठी ली-एनफिल्डचीच एक अपंग आवृत्ती काढली गेली. नळी .४१० मापाची आणि आतून गुळगुळीत, दहा गोळ्यांची जागा लाकडाच्या ठोकळ्याने बंद, एका वेळी एकच काडतूस. फौजेची गोळी तिच्यात चालू नये याचीही काळजी घेतलेली. इंग्रजाला हुकूम बजावणारा पोलीस हवा होता. तोच पोलीस उद्या उलटला तर काय, याचा विचार त्याने बंदुकीच्या नळीतच करून ठेवला होता.

आणि सामान्य माणूस? त्याच्यासाठी लॉर्ड लिटनचा १८७८चा हत्यार कायदा. हिंदी माणसाला हत्यार ठेवायला परवाना लागेल, युरोपियनाला लागणार नाही. या कायद्याविरुद्ध काँग्रेसने वर्षानुवर्षं ठराव केले, ते बरोबरच होते. पण त्या ठराव करणाऱ्यांना कधी हे सुचलं नाही की याच देशात याहून कितीतरी जुना एक हत्यार कायदा आहे आणि तो त्यांच्या घरातच पाळला जातो. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये तो दाखवला. भारतात सामाजिक क्रांती का झाली नाही, याचं त्यांचं उत्तर साधं होतं. चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गांना हत्यार नाकारलं, शिक्षण नाकारलं, संपत्ती नाकारली. मग ते उठणार कशाच्या बळावर? लिटनने कागदावर लिहिलं ते मनूने आधीच केलं होतं. फरक एवढाच की लिटनचा कायदा सवर्णांनाही टोचला, म्हणून तो अन्याय ठरला.

इंग्रजाने मनूचा कायदा नुसता चालू दिला नाही, तर वापरलाही. कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. भीमा कोरेगावच्या स्तंभावरची 'नाक'ने संपणारी नावं त्याची साक्ष आहेत. पण १८९०च्या दशकात लढाऊ जातींचा सिद्धान्त आला आणि महारांची भरती बंद झाली. ज्या हातांनी बंदूक चालवून कंपनीचं राज्य उभं केलं ते हात एका शेऱ्याने लढाऊ नसलेले ठरले. गोपाळबाबा वलंगकर स्वतः निवृत्त फौजी, त्यांनी त्याविरुद्ध अर्ज केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. कोणी ऐकलं नाही. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली महारांची १११वी पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, १९२१ साली ती मोडली. दुसरं महायुद्ध आलं, बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर होते, त्यांनी प्रश्न लावून धरला आणि ऑक्टोबर १९४१मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली.

महार रेजिमेंटचा अभिमान आपल्याला आहे आणि असावा. पण आपल्यातले काही भाऊ फक्त शौर्याचे पोवाडे गातात आणि या तारखांकडे पाहत नाहीत. त्या एकापुढे एक ठेवून वाचा. गरज असेल तेव्हा बंदूक हातात दिली, गरज संपली की काढून घेतली. बंदूक कधी आपली नव्हतीच, ती उसनी होती. १९४१ नंतर ती परत घेतली गेली नाही, कारण तोवर मागणारा माणूस दारात अर्ज घेऊन उभा नव्हता, समितीच्या टेबलावर बसला होता.

थ्री नॉट थ्रीचं या देशातलं सगळ्यांत कुप्रसिद्ध काम १३ एप्रिल १९१९चं. जालियनवाला बागेत ५० बंदूकधारी शिपाई, १६५० गोळ्या, सरकारी आकड्याप्रमाणे ३७९ मृत. गोळ्या झाडणारे हिंदी शिपाईच होते. हुकूम देणारा गोरा, चाप ओढणारा काळा, समोर काळा. ही रचना पुढेही कामाला आली.

आता आपल्या भागाकडे येऊ. जाफराबादपासून जवळच असई आहे. तिथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. शिंद्यांच्या तोफा इतक्या चांगल्या होत्या की इंग्रजांच्या बाजूचे दीड हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले. हत्यार कमी पडलं म्हणून ती लढाई हरली गेली नाही. पण असईचा इतिहास वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे महत्त्वाचं ते पुढचं. हा मुलूख निजामाकडे राहिला आणि शेजारचा बुलढाण्याचा मुलूख वऱ्हाड म्हणून इंग्रजांच्या कारभारात गेला. त्यामुळे १९४७-४८मध्ये जाफराबाद हे सरहद्दीवरचं गाव होतं. एका बाजूला स्वतंत्र भारत, दुसऱ्या बाजूला रझाकार.

महायुद्ध संपून तीन वर्षं झाली नव्हती. जगभर उरलेल्या हत्यारांचा बाजार भरला होता. सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री विमानं भरून बिदर आणि वरंगळला हत्यारं उतरवत होता. ज्या रायफली नाझींविरुद्ध लोकशाहीसाठी लढल्या असं सांगितलं जातं, त्यांच्याच जातीच्या रायफली सरंजामशाही वाचवायला हैदराबादेत उतरल्या. तरीही रझाकारांची संख्या सुमारे दोन लाख सांगितली जाते आणि त्यांतल्या जेमतेम चौथाईकडे आधुनिक बंदुका होत्या. बाकीच्यांकडे भरमार, तलवारी, भाले. उतरंड तिथेही होतीच.

या भांडणात आपला समाज कुठे होता? हा प्रश्न मुक्तिसंग्रामाच्या १७ सप्टेंबरच्या भाषणांत कधी येत नाही. निजामाने अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी एक कोटीचा निधी काढला होता, बी. एस. व्यंकटराव त्याच्या मंत्रिमंडळात होते, आणि काही ठिकाणी दलित तरुण रझाकारांत ओढले गेले. त्यांच्या हातात भाला आला असेल, फार तर भरमार. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७मध्ये जाहीर पत्रक काढून पाकिस्तान आणि हैदराबादमधल्या अस्पृश्यांना सावध केलं. धर्मांतराच्या दबावाला बळी पडू नका, आणि निजामाची बाजू घेऊन समाजाला बट्टा लावू नका, असा त्याचा आशय होता. त्यांना जे दिसत होतं ते असं की दोन्ही बाजूंच्या बंदुका दुसऱ्याच्या आहेत आणि राज्य बदललं की हिशेब पहिला खालच्याशी होतो. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौज आत आली, पाच दिवसांत निजाम शरण गेला. त्यानंतर जी कत्तल झाली तिच्यात २७ ते ४० हजार माणसं मेली असावीत, असा पंडित सुंदरलाल समितीचा अंदाज होता. मेलेले बहुतेक मुसलमान. तो अहवाल नेहरूंच्या सरकारनेच मागवला होता आणि तो साठ वर्षांहून अधिक काळ दाबून ठेवला गेला.

स्वातंत्र्यानंतर बंदूक बदलली, उतरंड बदलली नाही. १९६२ साली आपले जवान हिमालयात थ्री नॉट थ्री घेऊन चिन्यांच्या स्वयंचलित बंदुकांपुढे उभे केले गेले. त्या नामुष्कीनंतर फौजेला नवी रायफल मिळाली. मग जुन्यांचं काय करायचं? त्या पोलिसांकडे, राखीव दलांकडे, होमगार्डकडे आल्या. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी त्यांना निरोप दिला तो २६ जानेवारी २०२०च्या संचलनात. म्हणजे फौजेने जी टाकली तिच्यावर देशातल्या सगळ्यात मोठ्या पोलीस दलाने आणखी अर्धं शतक काढलं.

मुंबईने त्याची किंमत २६ नोव्हेंबर २००८ला मोजली. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर कसाब आणि त्याचा साथीदार एके-४७ने गोळ्यांचा पाऊस पाडत होते. समोर रेल्वे पोलिसांचे शिपाई होते, काहींकडे थ्री नॉट थ्री, काहींकडे नुसती काठी. रेल्वे सुरक्षा दलाच्या झिल्लू यादव या हवालदाराने सहकाऱ्याची थ्री नॉट थ्री घेऊन गोळ्या झाडल्या आणि हाताला लागली ती प्लास्टिकची खुर्चीही फेकून मारली. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबला पकडलं ते काठीनिशी, छातीवर गोळ्या झेलून. या माणसांच्या शौर्यावर सिनेमे निघाले. पण शौर्याच्या गोष्टी सांगून एक प्रश्न झाकला गेला. एके-४७चा आराखडाही १९४७चाच आहे, म्हणजे तीही काही नवी नव्हे. मग आपल्या शिपायाच्या हातात तिच्याही चाळीस वर्षं आधीची का? पोलीस दलात वर कोण बसतो आणि शिपाई म्हणून खाली कोणाची पोरं भरती होतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही.

गडचिरोलीत तर हीच रायफल दोन्ही बाजूंना होती. पोलिसांवर हल्ला करायचा, मेलेल्याची रायफल उचलायची, हा माओवाद्यांचा जुना मार्ग. २००४च्या फेब्रुवारीत ओडिशातल्या कोरापुटला तर त्यांनी अख्खं शस्त्रागार लुटलं. पण शरण आलेल्यांच्या आणि चकमकीत मेलेल्यांच्या बातम्या नीट वाचल्या की एक गोष्ट लक्षात येते. वरच्या समितीचा माणूस असेल तर त्याच्याकडे एके-४७. मधल्या फळीकडे इन्सास किंवा एसएलआर. आणि गावातून उचललेल्या आदिवासी पोरा-पोरीकडे थ्री नॉट थ्री, बारा बोअर, नाहीतर भरमार. वर्गहीन समाजाचं स्वप्न सांगणाऱ्या पक्षात बंदुकीचं वाटप पदाप्रमाणे होतं. त्यांना मारणाऱ्या सी-६० दलातही स्थानिक आदिवासी तरुणच आहेत. मारणारा गोंड, मरणारा गोंड. जालियनवाल्याची रचना म्हटली ती हीच.

मणिपूरमध्ये मे २०२३पासून पोलिसांच्या शस्त्रागारांतून सुमारे ६००० हत्यारं गेली. त्यांत नव्या बंदुका होत्या तशाच थ्री नॉट थ्रीही होत्या, आणि गावाच्या वेशीवर वाळूच्या पोत्यांमागे पहारा देणाऱ्या कॉलेजच्या पोरांच्या हातांत त्या दिसल्या. हत्यारं परत करा, असं राज्यपालांनी फेब्रुवारी २०२५मध्ये आवाहन केलं तेव्हा त्यांतली हजाराच्या आसपास परत आली. सरकारने जपून, तेल देऊन ठेवलेली जुनी बंदूक एकदा बाहेर पडली की ती कुठल्या जमातीची होते हे सरकारच्या हातात राहत नाही.

इथे कोणी म्हणेल, हे सगळं मणिपूरचं, बिहारचं, महाराष्ट्रात दलितांवर कुठे बंदुका चालतात? बिहारमध्ये १ डिसेंबर १९९७ला लक्ष्मणपूर बाथेत रणवीर सेनेने ५८ दलितांना मारलं, आणि २०१३ साली पाटणा उच्च न्यायालयाने सगळे २६ आरोपी सोडले. तसं आपल्याकडे झालं नाही हे खरं आहे. आपल्याकडे खैरलांजी काठ्या आणि सायकलच्या साखळ्यांनी झाली. गावगुंडाला बंदूक लागत नाही, कारण समोरच्याकडे काहीच नाही याची त्याला खात्री असते. आपल्या समाजाने महाराष्ट्रात बंदूक पाहिली ती बहुतेक वेळा सरकारची. त्याच १९९७ सालच्या ११ जुलैला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातला गेला. लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव दलाच्या तुकडीने गोळीबार केला. दहा माणसं गेली. गुंडेवार आयोगाने ठपका ठेवला, तुकडीचा अधिकारी मनोहर कदम याला २००९ साली सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली, आणि पुढे त्याला उच्च न्यायालयातून जामीन मिळाला. त्या सकाळी नळीची खोबण घासलेली नव्हती. नेम बरोबर लागला.

मग मागणी काय? आम्हालाही बंदुका द्या, ही? काही तरुण समाजमाध्यमांवर असं लिहितात. त्यांचा राग मला कळतो, मार्ग पटत नाही. २५ नोव्हेंबर १९४९च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी रक्तरंजित मार्ग सोडायला सांगितलं. ज्याच्या उतरंडीत आपण तळाला आहोत त्या खेळात शिरून तळच मिळतो, गडचिरोलीच्या पोरांना मिळाला तसा.

पण कायद्यात जे आहे ते मागायला काय हरकत आहे? १९५९च्या हत्यार कायद्यात पिकाच्या राखणीसाठी भरमार बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. रानडुक्कर, हरणं हाकलायला. कल्पना वाईट नाही. पण पीक राखायचं तर पीक पाहिजे आणि पिकाला जमीन. मराठवाड्यात ज्याच्याकडे गायरानाचा तुकडाही नावावर होत नाही तो कशाची राखण दाखवणार? म्हणजे बंदूक जमिनीमागे जाते आणि जमीन जातीमागे. मनूचं नाव न घेता मनूचं काम झालं.

याला उतारा म्हणून अॅट्रॉसिटी कायद्याच्या १९९५च्या नियमांत नियम ३ आहे. आपल्या किती कार्यकर्त्यांनी तो वाचला आहे? त्यात म्हटलं आहे की राज्य सरकारने अत्याचारप्रवण क्षेत्रं निश्चित करावीत. अशा क्षेत्रात गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या लोकांचे, त्यांच्या नातेवाइकांचे, नोकरांचे हत्यार परवाने रद्द करून ती हत्यारं सरकारी शस्त्रागारात जमा करावीत. बेकायदा हत्यारं जप्त करावीत. आणि गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना परवाने द्यावेत. सगळे या शेवटच्या कलमावर चर्चा करतात, कारण ते चमचमीत आहे. माझा जोर पहिल्या दोनांवर आहे. आपल्या हातात बंदूक येण्यापेक्षा त्यांच्या हातातली खाली ठेवली जाणं महत्त्वाचं, आणि ते काम सरकारचं आहे.

नियम १७ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती असते आणि तिची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हायला हवी. बैठकीत बहुतेक चर्चा अर्थसाहाय्याचे हप्ते आणि प्रलंबित दोषारोपपत्रं यांवर संपते. तीही हवीच. पण समितीवर आपले जे सदस्य आहेत त्यांनी, आणि नसतील तर माहिती अधिकारात कोणीही, हे विचारायला हवं: जिल्ह्यात अत्याचारप्रवण म्हणून कोणती गावं निश्चित केली आहेत आणि कधी? त्या गावांत आज किती हत्यार परवाने चालू आहेत, त्यांतले पिकाच्या राखणीचे किती, स्वसंरक्षणाचे किती? परवानाधारकांपैकी किती जणांवर अॅट्रॉसिटीचा गुन्हा नोंद आहे? त्यांतल्या किती जणांचं हत्यार निवडणुकीपुरतं जमा झालं आणि मतमोजणी संपताच परत गेलं?